मृत्युपत्राशेजारचा कागद

घरदार, शेतीवाडी कोणाकडे जावी, हे आपले पूर्वज मृत्युपत्रात लिहीत आले. पण शुद्ध हरपल्यावर उपचार किती लांबवावेत, हे आम्ही कधी लिहिलेच नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर ४१ वर्षे अंथरुणास खिळून होत्या. त्यांच्या वतीने बोलावे कोणी? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार याचिकाकर्त्या पिंकी विराणींना नव्हे, तर शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील सहकाऱ्यांना दिला. त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. २०१५ मध्ये त्या निवर्तल्या. अरुणाताईंची स्वतःची इच्छा अज्ञातच राहिली.

२०१८ मध्ये न्यायालयाने अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मानला. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. मृत्युपत्राशेजारी हाही कागद असावा, असे आम्हांस वाटते.