गोपुरी संडास

मैला पाण्याने वाहून न नेता जागच्या जागी कुजवून त्याचे सोनखत करणारा कोरडा, दोन कप्प्यांचा संडास. कणकवलीनजीक वागदे (जि. सिंधुदुर्ग) येथील गोपुरी आश्रमावरून हे नाव रूढ झाले. वर्ध्याजवळची, जमनालाल बजाज यांच्या गोसेवेशी निगडित असलेली गोपुरी वेगळी. वागद्याच्या आश्रमाची स्थापना सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९४८ मध्ये केली. ‘कोकणचे गांधी’ ही त्यांची लोकांनी दिलेली ओळख.

पार्श्वभूमी : रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेबांनी सफाईचे काम मागितले. सवर्ण कैद्याला ते देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्नसत्याग्रह केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात उपोषण सुरू केले आणि सरकारकडून फेरविचाराचे आश्वासन मिळताच ते थांबवले. अप्पासाहेबांविषयीच्या लेखनात हा प्रसंग हमखास येतो; संडासाची रचना मात्र एखाद्या ओळीत उरकली जाते.

रचना व प्रक्रिया : दोन कप्पे आळीपाळीने वापरतात. बसल्यानंतर दरवेळी मैल्यावर कोरडी माती, राख किंवा पातेरा (वाळका पालापाचोळा) टाकतात. त्याने माश्या बसत नाहीत, ओल शोषली जाते आणि मैल्यात कमी असलेला कर्ब मिळतो. मैल्यात नत्र भरपूर असते. कर्ब-नत्राचे प्रमाण ३० : १ च्या आसपास आले की कुजणे नीट चालते, अन्यथा नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते व दुर्गंधी सुटते. पहिला कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरात घेतात. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील खत तयार होते व ते मागच्या दाराने काढतात. या विसाव्याच्या काळात घाई करता येत नाही. जंतांची अंडी ओलसर मातीत कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे मैला दिसेनासा झाला म्हणजे खत निर्धोक झाले असे नव्हे. बंद कप्प्याला वर्षभर हात न लावणे उत्तम.

कोकणात पाणी हाच या संडासाचा खरा वैरी. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा वेळी जमिनीतला खड्डा तुडुंब भरतो, हवा कोंडते व कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. जांभ्या दगडातील भेगा व पोकळ्यांतून पाणी न गाळताच झपाट्याने पुढे जाते; खड्ड्यातील पाणी शेजारच्या विहिरीत उतरण्याचा धोका त्यामुळे मोठा. म्हणून येथे कप्पा जमिनीच्या वर बांधणे शहाणपणाचे. कोरड्या मुलखात ही अडचण कमी. पण तेथे पातेरा सहज मिळत नाही.

मलगॅस : मैल्यापासून इंधनवायू मिळवण्याच्या अप्पासाहेबांच्या प्रयोगांचा धागा देहू (जि. पुणे) येथील वैद्यकीय अधिकारी सुहास विठ्ठल मापुस्कर यांनी पुढे नेला. त्यांचे ‘मलप्रभा’ संयंत्र परिचित आहे. देहूतील त्यांच्या संस्थेला अप्पासाहेबांचे नाव आहे. मापुस्करांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सांडपाणी : कोकणातील रिवाजानुसार न्हाणीचे पाणी अळू, केळी व माडाच्या आळ्यात सोडतात, संडासाच्या कप्प्यात ते शिरू देत नाहीत.

मतभेद : सफाईकामाला प्रतिष्ठा दिल्याने जातीचे ओझे उतरते की तेच काम त्याच माणसांच्या गळ्यात राहते, यावर गांधीवादी व आंबेडकरवादी मांडणीत अंतर आहे.

सद्यःस्थिती : स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीण २०१६ मध्ये सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचा पहिला क्रमांक आला. सरकारी योजनांनी पुरस्कारलेला नमुना मात्र पाणी ओतून वापरायच्या दोन शोषखड्ड्यांचा आहे. एक खड्डा भरला की दुसरा, हा क्रम त्यातही आहे, पातेरा नाही.