वाकड्या मानेचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे आणि लढाया येतात. सिकंदराचे नाव आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु त्याची मान डाव्या अंगास किंचित कललेली असे, ही प्लुटार्काची नोंद फार थोड्यांस ठाऊक असते. आज आपण त्याच्या पराक्रमाकडे न वळता मानेकडेच वळू.

कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा मानेतील स्नायू काही बालकांत जन्मतःच आखूड असतो. डोके त्या बाजूस कलते, हनुवटी दुसरीकडे वळते. कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तेथे कठीण गाठ हाताला लागते आणि घरात घबराट उडते. कोणी उशीला दोष देतो, कोणी न्हाऊ घालणाऱ्या बाईला. कोणी दृष्ट काढतो.

युरोपातील शस्त्रवैद्यांनी या रोगावर सुरी चालविली. इसाक मिनियसने केलेल्या छेदाची हकीकत डॉक्टर टुल्प याने १६४१ साली ग्रंथित केली. १८२२ साली पॅरिसच्या द्युपुइत्रेंने कातडी फारशी न उघडता आतल्या आत स्नायू तोडला. १८३८ साली जर्मन वैद्य स्ट्रोमायर याने प्रसूतीतील इजेने स्नायूत रक्त साकळते, असे कारण सुचविले. पण हे सारे अंदाज हाताच्या स्पर्शावर आणि सुरीवर अवलंबून होते. जिवंत बालकाच्या गाठीत काय आहे, हे पाहणार कसे?

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. त्यांनी हाडे दाखविली. मानेचे मणकेच जन्मतः जोडलेले असतील तर ती ताणणे धोक्याचे, हे त्यामुळे कळू लागले. स्नायू मात्र अंधारातच राहिला. तो उजेडात आणला ध्वनीने. पोलादातील चिरा शोधणारे कारखान्यातील यंत्र ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी रोग्यांकडे वळविले आणि १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९८०नंतरच्या दशकात हीच सोनोग्राफी बालकांच्या मानेवर फिरली. गाठ स्नायूच्या पोटातच आहे, स्नायूबरोबर सरकते, ती कर्करोगाची नव्हे, हे सुईचे टोकही न टोचता दिसू लागले. स्नायू किती कठीण झाला आहे यावरून उपचाराची दिशाही ठरविता येऊ लागली. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी ८२१ बालकांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकांस सुरी लागलीच नाही. शिकविलेल्या हातांनी मान हळुवार ताणणे पुरेसे ठरले. जितके लवकर, तितके बरे.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. यंत्रास पाप-पुण्य कळत नाही. त्याला आपण कोणता प्रश्न विचारतो, यावर सारे आहे. मुलगी नको म्हणून गर्भाची परीक्षा करणाऱ्यांना आवरण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. लेकरू वाचविणारी आणि लेक नाकारणारी नजर एकाच पडद्यावर पडू शकते.

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावी या इतिहासाचा उपयोग काय? इतकाच की, ‘मोठे झाले की मान आपोआप सरळ होईल’ म्हणून वर्ष घालवू नये. गाठ जोराने चोळू नये. पहिल्या महिन्यांतच बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. गरज वाटल्यास तेच भंडाऱ्यास वा नागपुरास पाठवतील. मग आईने शिकलेला व्यायाम रोज करावा. आखडलेल्या बाजूकडे तोंड वळवावे लागेल अशा बेताने पाळणा ठेवावा. चार शतके शस्त्रवैद्यांनी जे सुरीने साधू पाहिले, त्यातले पुष्कळसे आईच्या हातांनी साधते. मात्र त्या हातांना वेळेवर वाट दाखविणारा डोळा हवा.