सिंहली अट्ठकथा आणि पालीचे जतन

पाली ही आज कोणत्याही प्रदेशाची मातृभाषा नाही. तथापि दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ तिचे अध्ययन होत आले आहे. बोलणारा समाज नसताना एखादी भाषा इतका काळ कशी टिकते, याचे उत्तर श्रीलंकेच्या इतिहासात सापडते.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छांदस भाषेत बांधावे, अशी विनंती केली. तथागतांनी ती अमान्य केली व बुद्धवचन 'सका निरुत्ती'त, म्हणजे स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. येथे 'स्वतःची' म्हणजे ज्याची त्याची, असा अर्थ अनेक आधुनिक विद्वान करतात; आचार्य बुद्धघोषांच्या मते ती भगवंतांची मागधी होय. पहिल्या अर्थाने लोकभाषेला मान मिळतो, तर दुसऱ्याने मूळ वचनाच्या भाषेला. लंकेतील भिक्खुसंघाने व्यवहारात दोहोंचीही कास धरली.

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात महिंद थेर लंकेत गेले. परंपरेनुसार त्यांनी नेलेल्या तिपिटकाचा पाठ पालीतच राहिला. मात्र त्यावरील अट्ठकथा सिंहलीत सांगितली गेली. पुढे इ.स.पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभय याच्या काळात, तिपिटक ग्रंथारूढ झाले. पाठ एका भाषेत आणि अर्थ दुसऱ्या भाषेत, अशी ही व्यवस्था होती. भिक्खूला दोन्ही भाषा येणे त्यामुळे अपरिहार्य झाले.

इ.स. पाचव्या शतकात बुद्धघोष अनुराधपुरच्या महाविहारात आले. सिंहली अट्ठकथा द्वीपाबाहेरच्या भिक्खूंना समजत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्यांचे सार पालीत आणले. या कार्यामुळे थेरवादाचे अर्थविवरण ब्रह्मदेश आणि सयामपर्यंत पोहोचले. परंतु याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. महाअट्ठकथा, महापच्चरी, कुरुन्दी या मूळ सिंहली ग्रंथांपैकी आज एकही उपलब्ध नाही. त्यांचा आशय पालीत आल्यावर त्यांच्या प्रती करण्याची गरज उरली नसावी, आणि जे नकलून घेतले जात नाही ते ताडपत्राबरोबर नष्ट होते.

तरीही सिंहलीचा या कार्याशी असलेला संबंध तुटला नाही. दहाव्या शतकात धम्मपद-अट्ठकथेतील कठीण पदांचा अर्थ देणारा 'धम्पिया अटुवा गॅटपदय' हा सिंहली ग्रंथ रचला गेला. पाचव्या कस्सप राजाच्या नावावर तो मोडतो. ब्रह्मदेशातही 'निस्सय' ही पद्धत रूढ झाली. तीत प्रत्येक पाली पदापाठोपाठ त्याचा ब्रह्मी अर्थ लिहिला जाई. लंकेत अठराव्या शतकापर्यंत संघाची परंपरा क्षीण झाली होती. तेव्हा सरणंकर थेरांनी पालीचे अध्ययन पुन्हा सुरू केले आणि धर्मविवरणासाठी सिंहलीतही ग्रंथ लिहिले. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या भिक्खूंकडून उपसंपदाही पुनःस्थापित झाली.

या परंपरेशी महाराष्ट्राचे नाते थेट आहे. धर्मानंद कोसंबी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ती शिकवली आणि बौद्ध विचार मराठीत मांडला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तिसरण व पंचशीलाची पाली घराघरांत पोहोचली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाली व्याकरण व शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. ते काम त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रकाशित झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठी व पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला.

दर्जा मिळाला म्हणून भाषा टिकतेच, असा इतिहासाचा दाखला नाही. ज्या घरात गाथा पाठ आहेत पण त्यांचा अर्थ कुणाला ठाऊक नाही, तेथे पुढच्या पिढीला केवळ ध्वनी मिळतो. उलट, केवळ मराठी अनुवादावर विसंबल्यास मूळ वचन पडताळून पाहण्याचे साधन हातचे जाते. प्रत्येक विहारात गाथेबरोबर तिच्या पदापदाचा मराठी अर्थ मुलांना शिकवला जावा. ब्रह्मदेशातील निस्सयाची रीत याहून वेगळी नव्हती.