आबांचं दुखणं आणि कागदांची पिशवी

आज बचतीचा किंवा कर्जाचा विषय नाही. आज एका पुरुषांच्या आजाराविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांचं दुखणं कशाला? पण रात्री उठून कंदील कोण धरतं, एसटीनं दवाखान्यात कोण नेतं आणि औषधासाठी गटातून कर्ज कोण उचलतं, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचे. लघवीला जोर करावा लागायचा, धार बारीक. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं आता." मी सून. सासऱ्याला लघवीचं काय आणि किती विचारणार? सासूबाईही गप्प. मग कंबर दुखायला लागली. तालुक्याच्या एका दवाखान्यात आठ महिने सुया आणि गोळ्या झाल्या, कमरेचा पट्टा झाला. लघवीचं तिथं कुणी विचारलं नाही आणि आबांनीही सांगितलं नाही. एका पहाटे लघवी पूर्ण तुंबली. मोठ्या दवाखान्यात नेलं, नळी घातली, रक्त तपासलं, तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, आणि तो मणक्यापर्यंत पोचला होता.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली असलेली सुपारीएवढी गाठ. मराठी पुस्तकात तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि ती वाढ साधी असते. काहींच्या बाबतीत मात्र तिथं कर्करोग होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, "आता हा मुळापासून जाणार नाही, पण हार्मोनचा उपचार केला तर दबेल. एक तर वृषण काढायचे, नाहीतर इंजेक्शन घेत राहायचं." आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे खोंडाचा बैल करायचा."

आबांना ते एका वाक्यात कळलं. मला मात्र प्रश्न पडला, हे कुणाच्या ध्यानात आलं असेल? मी नंतर वाचत गेले. ती गोष्ट तुम्हाला सांगते.

अमेरिकेत शिकागोच्या विद्यापीठात चार्ल्स हगिन्स नावाचे डॉक्टर होते. माणसासारखीच कुत्र्याचीही प्रोस्टेट म्हातारपणी वाढते, म्हणून ते कुत्र्यांवर अभ्यास करत होते. वृषण काढले की ती गाठ आक्रसते, हे त्यांना दिसलं. पुरुषी हार्मोन हे तिचं खतपाणी. ते तोडलं तर कर्करोगही सुकेल का? १९४१ साली त्यांनी आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी रोग पसरलेल्या रुग्णांवर हे करून पाहिलं. हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेल्या काही माणसांचं दुखणं थांबलं. सुधारणा खरी आहे का, हे त्यांनी रक्तातला एक घटक मोजून दाखवलं. कर्करोग हा बेलगाम असतो, त्याला शरीरातलं काहीच आवरत नाही, अशी तेव्हा समजूत होती. ती इथं मोडली. या कामाला नोबेल मिळालं १९६६ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

पण एक गोष्ट पहिल्यापासून खरी होती. बहुतेकांचा रोग काही काळानं पुन्हा डोकं वर काढायचा. हा उपचार रोग पुसत नाही, वेळ मिळवून देतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

वृषण काढण्याऐवजी दुसरा मार्ग होता गोळीचा. १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी स्टिलबेस्ट्रॉल तयार केलं. ते बायकांच्या हार्मोनसारखं काम करणारं कृत्रिम औषध होतं. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ते स्वस्त राहिलं आणि अनेक कंपन्या बनवायला लागल्या. हगिन्स यांनी ते प्रोस्टेटच्या रुग्णांना दिलं आणि त्याचाही गुण आला. पुढं १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत मोठी पाहणी झाली, तेव्हा कळलं की जास्त मात्रेनं हृदयविकारानं आणि रक्ताच्या गुठळ्यांनी माणसं दगावतात. कर्करोग दबायचा, पण हृदय धोक्यात यायचं.

आता या गोळीची दुसरी कथा ऐका, ती आपल्या बायकांची आहे. हेच स्टिलबेस्ट्रॉल अमेरिकेत गर्भपात होऊ नये म्हणून गरोदर बायकांना वर्षानुवर्षं दिलं गेलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या डॉक्टरांकडे तरुण मुली आल्या होत्या. त्यांना योनिमार्गाचा असा कर्करोग झाला होता, जो त्या वयात जवळजवळ दिसतच नाही. कारण सापडेना. तेव्हा एका मुलीच्या आईनं डॉक्टरांना विचारलं, "मी गरोदर असताना ते औषध घेतलं होतं, त्याचा तर हा परिणाम नसेल?" शोध घेतला, तर आठ मुलींपैकी सातजणींच्या आयांनी ते घेतलेलं निघालं. १९७१ साली गरोदर बायकांना हे औषध देऊ नये, असा इशारा सरकारनं दिला. एका आईनं प्रश्न विचारला, म्हणून धागा सापडला.

पुढं या मुली कोर्टात गेल्या, तिथं वेगळीच अडचण आली. आईनं वीस वर्षांपूर्वी गोळी घेतली होती, पण कुठल्या कंपनीची? चिठ्ठ्या हरवलेल्या, दवाखान्यांची दप्तरं गेलेली. कायदा म्हणायचा, नुकसान कुणी केलं ते नेमकं दाखवा. शेवटी १९८० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तोडगा काढला, की बाजारात ज्या कंपनीचा जेवढा वाटा, तेवढी तिची भरपाई. कागद नसतानाही न्याय मिळाला, पण त्यासाठी न्यायालयाला नवा नियम घडवावा लागला. प्रत्येकीसाठी न्यायालय असं करत नाही.

आता इंजेक्शनकडे येऊ. वृषणांना हार्मोन करायला सांगणारा निरोप मेंदूतून निघतो. तो निरोप पोचवणारा पदार्थ कसा घडलेला आहे, हे अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमॅन यांनी १९७१च्या सुमाराला शोधलं. शॅली डुकरांचे मेंदू वापरायचे, गिलमॅन मेंढ्यांचे. १९७७ साली दोघांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्यात तिसरा वाटा होता रोझलिन यॅलो या बाईंचा. रक्तातले अगदी सूक्ष्म घटक मोजायची रीत त्यांनी बसवली होती. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. आज रक्ताच्या थेंबात हार्मोन मोजला जातो, त्यामागं त्यांची मेहनत आहे.

या निरोपाची गंमत अशी आहे. तो थांबून थांबून आला तर वृषणं काम करतात. सारखा येत राहिला तर ती ऐकेनाशी होतात, जसं सतत हाका मारणाऱ्या माणसाकडं आपण लक्ष देणं सोडतो. याच तत्त्वावर ल्युप्रोलाइड नावाचं इंजेक्शन निघालं, त्याला अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली. पण पहिले काही दिवस हार्मोन उलट वाढतो. मणक्यात गाठ असेल तर तेवढ्यात पायांतली शक्ती जाऊ शकते. म्हणून सुरुवातीला डॉक्टर सोबत गोळ्या देतात. त्या गोळ्या "महाग आहेत" म्हणून मनानं बंद करू नका.

इंजेक्शन असो की शस्त्रक्रिया, रोगावरचा परिणाम सारखाच. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि खर्च कमी. इंजेक्शन घेत राहावं लागतं. आबांनी शस्त्रक्रिया निवडली. नंतर त्यांच्या अंगातून गरम वाफा निघायच्या, घाम फुटायचा, चिडचिड व्हायची. सगळे घाबरले, पण सासूबाई हसून म्हणाल्या, "मला पाळी जाताना असंच व्हायचं, तेव्हा तुम्ही म्हणायचात नाटकं करते." हार्मोन कमी झाला की हाडंही ठिसूळ होतात, म्हणून त्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

मग आबांचा रोग आधी कळला असता का? पीएसए नावाची रक्ताची तपासणी आहे. अमेरिकेत तिला १९८६ साली रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी मान्यता मिळाली आणि १९९४ साली रोग शोधायला मदत म्हणून. ती वाढली म्हणजे कर्करोगच, असं नाही. साध्या वाढीनं किंवा जंतूंच्या बाधेनंही ती वाढते. त्रास नसलेल्या सगळ्या पुरुषांची ती करावी का, यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. पण ज्याला लघवीचा त्रास आहे आणि वयात नवी कंबरदुखी आहे, त्याला विचारणं, बोटानं तपासणं आणि गरज वाटली तर रक्त तपासणं, यात मतभेदाचं कारण नाही.

आमच्या घरात राग होता. माझे यजमान म्हणाले, "त्या डॉक्टरवर केस करू." म्हणून मी कायद्याचा इतिहासही वाचला. त्यात आपल्याकडचाच एक खटला सापडला. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात एका तरुणाची मांडी मोडली. उपचाराला पुण्यात नेलं, तिथं तो दगावला. बापानं दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ साली. भरपाई तीन हजार रुपये, आणि वाट पाहिली पंधरा वर्षं. पण त्या निकालानं डॉक्टरचं कर्तव्य स्पष्ट केलं. रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता हे ठरवताना आणि तो करताना, तिन्ही वेळा वाजवी काळजी हवी. प्रत्येक रुग्ण बरा झालाच पाहिजे, असं न्यायालयानं म्हटलं नाही.

तेव्हा गरिबाला दिवाणी कोर्ट परवडायचं नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा आहे, म्हणून रुग्ण हा ग्राहक आहे. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार होतो, तो दवाखाना या कायद्यात येत नाही. पण म्हणून सरकारी दवाखाना मोकळा सुटत नाही. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया फसलेल्या हरियाणातल्या एका मजूर बाईला दिवाणी दाव्यात सरकारकडून भरपाई मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयानं २००० साली ती कायम केली.

आता २०१९चा नवा ग्राहक कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. उपचाराला पाच लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी गेलात? डॉक्टरला काय सांगितलंत? आणि आठ महिने आधी कळलं असतं तर काय वेगळं झालं असतं?

पहिल्याला उत्तर नव्हतं, कारण चिठ्ठ्यांवर तारखा नव्हत्या आणि निम्म्या चिठ्ठ्या चुलीत गेल्या होत्या. दुसऱ्याचं उत्तर देताना माझीच मान खाली गेली. लघवीचं आम्ही सांगितलंच नव्हतं. तिसरा प्रश्न मोठ्या मोठ्या न्यायाधीशांनाही अवघड गेला आहे. ब्रिटनमध्ये एका माणसाच्या काखेतली गाठ डॉक्टरनं साधी म्हणून सोडली आणि कर्करोगाचं निदान नऊ महिने लांबलं. त्याची बरं होण्याची शक्यता शंभरात बेचाळीसवरून पंचवीसवर आली, असं कोर्टानं धरलं. तरी २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई नाकारली. कारण काय, तर आधी कळलं असतं तरी तो बरा झालाच असता, असं म्हणता येत नव्हतं.

मला ते पटलं नाही. दोन न्यायाधीशांनाही पटलं नव्हतं. जो उपचार मुळात वेळच मिळवून देतो, त्यात गेलेला वेळ हेच नुकसान नाही का? बोनस म्हणून मिळालेला एक उन्हाळा, नातीच्या लग्नाला बसून जाता येणं, याची किंमत कुठल्या वहीत लिहायची?

आम्ही केस केली नाही. डॉक्टरची चूक किती आणि आमची किती, हे कागदाशिवाय कुणालाच दाखवता येत नव्हतं. पण आमच्या गटानं त्या महिन्यात एक ठराव केला. प्रत्येक घरात कागदांची एक पिशवी. चिठ्ठी घेताना तारीख आणि आजाराचं नाव लिहून मागायचं. त्रास आपण सांगायचा आणि तो चिठ्ठीवर उतरला का ते बघायचं. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावेत आणि तीन वर्षं सांभाळावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ सालचा नियम आहे, म्हणून अर्ज लेखी द्यायचा. तीन आठवड्यांत गुण नाही आला तर "आणखी काय असू शकतं?" हे विचारायचं. विचारणं म्हणजे भांडण नाही. चांगला डॉक्टर त्यानं रागावत नाही.

आबा शस्त्रक्रियेनंतर अडीच वर्षं जगले. पहिलं दीड वर्ष चांगलं गेलं, गोठ्यात जायचे, बैलांना हात लावायचे. शेवटी दुखणं परत आलं. त्यांची पिशवी अजून आमच्या कपाटात आहे. तिच्यात पहिला कागद आहे तो लघवी तुंबली त्या दिवसाचा. त्याच्या आधीचे आठ महिने तिच्यात नाहीत.

आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, रात्री किती वेळा उठता? लाज वाटेल. मलाही वाटली असती. तरी विचारा.