नाही म्हणण्याची मोकळीक

संवाद हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. दोन पक्ष एका मांडवात बसले, हारतुरे झाले, की संवाद झाला असे आपण समजतो. कामगारांच्या वाटाघाटींत हयात घालविलेल्या आम्हांला हे पटत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्याशी झालेले बोलणे म्हणजे नुसता हुकूम. ख्रिस्ती आणि यहुदी यांच्या संबंधांचा इतिहास आम्ही याच कसोटीवर पाहणार आहोत. त्यासाठी जेरुसलेमपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपला पश्चिम किनारा पुरेसा आहे.

प्रथम गोवे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली तेथे आला. त्याचे घराणे मूळचे यहुदी. पण पोर्तुगालात १४९७ साली यहुद्यांवर बाप्तिस्मा सक्तीने लादला गेला होता. ओर्ताने हिंदुस्थानातील औषधींवर ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. ग्रंथाची सारी मांडणी दोन वैद्यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. वनस्पतींबद्दल त्याला मोकळेपणाने बोलता आले. धर्माबद्दल मात्र बोलण्याची सोय नव्हती, कारण १५६० सालीच गोव्यात इन्क्विझिशन बसले होते. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली.

हे इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे उठले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री मुंबईस उतरले, आणि येथून निराळा अध्याय सुरू होतो. कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी बेने इस्राएल राहत होते. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. त्यांच्यापैकी सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधले. परंतु हिब्रू वाचता येणारे त्यांच्यात फार थोडे होते.

पाद्र्यांचा हेतू निव्वळ विद्यादानाचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना ही मंडळी ख्रिस्ती व्हायला हवी होती, आणि त्यांनी ते लपविलेही नाही. त्यांनी शाळा काढल्या. त्यांत बेने इस्राएलांची मुले शिकली, पुढे शिक्षकही झाली. १८२९ साली मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. मिशनने जुना करार मराठीत छापला. अब्राहम, योसेफ, मोशे यांच्या कथा घाण्यावरच्या माणसाला आता स्वतःच्या भाषेत वाचता आल्या.

परिणाम काय झाला? बाप्तिस्मा फारच थोड्यांनी घेतला. बाकीच्यांनी विद्या घेतली आणि धर्म राखला. जोसेफ एझेकिएल राजपूरकर हे स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, तेथेच शिक्षक झाले. पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. त्यांनी यहुदी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ साली पुण्यास वल्हांडणाची ‘हगादा’ हिब्रू व मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बायका लुगडी नेसून सणाच्या भाकऱ्या करताना दिसतात. १८७५ साली हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तने करू लागले. ख्रिस्ती मंडळींनीही येशूचे चरित्र कीर्तनातून सांगितले. धर्म दोन, पण झांजा, टाळ आणि मराठी ही दोघांची एकच.

दोघांचे बळ सारखे नव्हते. शाळा, छापखाना, पैसा एकाकडे; दुसऱ्याकडे घाणा. तरीही येथे देवघेव झाली, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या दाराशी कोणी चिता रचली नाही. शिकणाऱ्याने पुस्तक ठेवून घेतले आणि बाप्तिस्मा परत केला. तरी शाळेचे दार बंद झाले नाही.

युरोपला हे समजायला फार मोठी किंमत पडली. नाझींनी साठ लाख यहुदी मारल्यानंतर १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये झेलिसबर्ग येथे ख्रिस्ती व यहुदी एकत्र बसले. येशू, त्याची आई आणि त्याचे शिष्य यहुदीच होते, हे तेथे ख्रिस्ती लोकांना पुन्हा सांगावे लागले. रोमच्या चर्चने तर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुद्यांवर लादता येणार नाही.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचे सिनेगॉग मात्र उभे आहे. ज्यांना संवादावर भाषणे करावयाची आहेत, त्यांनी एकदा तेथे जावे, आणि आपल्यासमोर बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येते काय, एवढे स्वतःस विचारून मगच तोंड उघडावे.