धूळपाटी, दप्तर आणि पलंगाखालची ट्रंक

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी आमच्या वस्तीत शिरले आणि तळमजल्यावरच्या खोलीत पलंगाच्या वर चढले. घराचे खरेदीखत, जन्मपत्रिका, निवृत्तिवेतनाचे आदेश, एवढेच नव्हे तर वडिलांच्या वेळच्या फिटलेल्या कर्जाच्या पावत्यादेखील माळ्यावर कोरड्या राहिल्या. बुडाली ती पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. तीत आमच्या मुलीच्या व मुलाच्या बालवर्गापासूनच्या वह्या, चित्रे आणि राखीपौर्णिमेला शाळेत केलेली कागदी भेटकार्डे होती. महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ अभिलेखांत घालविलेल्या माणसाने कोणते कागद उंचावर ठेवले आणि कोणते जमिनीलगत, यावरून त्याने कशाला काय किंमत दिली होती ते सांगावयास दुसरा पुरावा नको. ट्रंक वर ठेवा, असे आमच्या सौभाग्यवती दर पावसाळ्यापूर्वी सांगत असत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ट्रंकेतला चिखल उपसताना मनात आले की ही चूक एकट्या आमची नव्हे. ती आपल्या घराघरांतील जुनी रीत आहे. कागद जपण्यात मराठी माणूस मागे कधीच नव्हता. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. बडोद्यातील जुन्या घरांतूनही सनदा, वतनाचे कागद, देण्याघेण्याचे हिशेब लाल फडक्यात बांधून पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेले आढळतात. आपल्या भाषेतील एक गंमत पाहा. कचेरीतले कागद ठेवतात ते दप्तर, आणि पोर पाठीवर टाकून शाळेत जाते तेही दप्तरच. मात्र या दुसऱ्या दप्तरातील एखादे पान पहिल्या दप्तरात शिरल्याचे उदाहरण शोधू गेल्यास हाताला फारसे काही लागत नाही. आजोबांच्या आजोबांची सही मिळते; त्यांनी सहाव्या वर्षी काढलेला वाकडा ‘ग’ मिळत नाही.

याचे पहिले कारण अगदी साधे आहे. तो ‘ग’ धुळीत काढलेला होता. पंतोजींच्या शाळेत मुलाच्या पुढ्यात लाकडी फळी असे. तीवर बारीक धूळ वा विटकरीची भुकटी पसरून बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवावयाचे, पंतोजींनी पाहिले की फळी हलवून सपाट करावयाची. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यातूनच आला. कागद हातकामाचा आणि महाग. जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद सरकारी पत्रव्यवहारास आणि पोथीस. पोराच्या हाती तो हात बसल्यावर, कित्त्यापुरताच यावयाचा. समर्थांनी दासबोधात एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला आहे, पण तो सारा सुंदर, टिकाऊ अक्षराविषयी आहे. शिकाऊ अक्षर टिकावे ही कल्पनाच नव्हती.

ही धूळपाटी पुढे समुद्रापार गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले आणि तीच पद्धत आपल्या शाळेत सुरू केली. १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि इंग्लंडातील गरिबांच्या शाळांतूनही वाळूच्या पेट्या आल्या. नंतर दगडी पाटी आली. ती तरी काय, पुसण्यासाठीच. आम्ही स्वतः १९६० च्या दशकात पाटीवर शिकलो. ओल्या फडक्याऐवजी थुंकी वापरली म्हणून मार खाल्ला, आणि लिहिलेले एकही अक्षर मागे राहिले नाही.

मग जगात मुलांचे जुने लिहिणे उरले कोठे? जेथे कोणी ते जपले नाही तेथे, असे विचित्र उत्तर द्यावे लागते. इराकातील निप्पूर येथे १९५०च्या दशकाच्या आरंभी एका लहानशा घरात मातीच्या विटिकांचे सुमारे १४०० तुकडे सापडले. पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांचे ते पाठ होते, आणि त्यांतले कितीतरी त्या घराच्या भिंतींत व जमिनीत भर म्हणून घातलेले होते.

परंतु आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो तो रशियातील नोव्हगोरोदचा ओनफिम. तेराव्या शतकाच्या मध्यावरचा हा मुलगा, वय अंदाजे सहा-सात. त्या गावी भूर्जाच्या सालीवर टोकदार सळईने कोरून लिहीत. १९५६ च्या उत्खननात या एका मुलाची डझनभर पाने मिळाली. एका पानासाठी त्याने सालीच्या डब्याचा निकामी बूड वापरला आहे. एका बाजूस मुळाक्षरे, आणि त्यांखाली व्यंजनांना एकेक स्वर जोडून केलेल्या ओळी. आपल्याकडील कोणीही पाहताच म्हणेल, ही तर बाराखडी! उलट बाजूस लांब मानेचा, तोंडातून ज्वाळा की गवत काढणारा एक प्राणी, शेजारी ‘मी जंगली जनावर आहे’ अशी त्याची ओळख आणि डानिलो नावाच्या मित्राला नमस्कार. दुसऱ्या पानावर मुळाक्षरांचा आरंभ केला आहे, पण कंटाळा आलेला दिसतो. कारण पुढे घोडेस्वार आला, त्याने भाल्याने शत्रूस आडवा पाडले आणि घोडेस्वारास नाव मिळाले ओनफिम. त्याच्या चित्रांतील माणसांच्या हाताला दंताळ्यासारखी बोटे आहेत, कोठे तीन, कोठे पाच. आमच्या मुलीनेही बोटे अशीच काढली होती.

ओनफिमच्या आईने ही पाने कोणत्याही पेटीत ठेवली नव्हती. ती फेकली गेली किंवा पडली, आणि ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीने ती सातशे वर्षे सांभाळली. साल कोरलेली असल्यामुळे पाण्याने पुसली जाण्यासारखे तीत काही नव्हते.

मुलाचे चित्र मुद्दाम पाहण्यासारखे असते, ही दृष्टी तर अगदी अलीकडची. इटलीतील कोर्रादो रिच्ची हे बोलोन्या गावी पावसात एका कमानीखाली थांबले असता भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे त्यांच्या नजरेस पडली. त्यावरून त्यांनी १८८७ साली बालकांच्या कलेवर पुस्तक लिहिले. १८९७ साली फ्रान्झ चिझेक यांनी व्हिएन्नात मुलांसाठी चित्रवर्ग उघडला, आणि मोठ्यांची नक्कल करावयास न लावता त्यांना काढू दिले. त्यापूर्वीही एखाद्या घरी मायेपोटी कागद जपला जाई, नाही असे नाही. चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ च्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या मूळ हस्तलिखिताची थोडीच पाने आज उरली आहेत. छापून झाल्यावर ते कागद पाठकोरे म्हणून मुलांना मिळाले. फळाभाज्यांवर स्वार झालेल्या सैनिकांची लढाई एका पानामागे रंगविलेली आहे. घरच्यांनी चित्र ठेवले, म्हणून मागचा मजकूर राहिला. अभिलेखपालाने विचार करावा असा हा प्रकार आहे.

आपल्या बडोद्यात मुलांचे कागद घराघरांत येऊ लागले त्यामागे एका राजाचा हात होता. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याची अक्षरओळख त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली मुलगे व मुली दोहोंसाठी तो संस्थानभर लागू केला. वह्या आल्या, प्रगतिपुस्तके आली. तथापि घरांनी काय ठेवले? मुलग्याचा उत्तीर्ण झाल्याचा दाखला, कारण तो नोकरीच्या कामाचा. आमच्याच घरी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आजही आहे. आमची आत्या त्याच काळात शाळेत गेली. तिचे एक चिटोरेही नाही. १९२० च्या दशकात भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी मूल स्वतःच्या हाताने काय करते इकडे पाहावयास शिकविले. पण ती नजर शाळेतून घरात यावयास फार वेळ लागला.

असो. आता ट्रंकेकडे वळू. पाण्याने आम्हांस एक धडा दिला. स्केचपेनने काढलेली सारी चित्रे विरघळून एकमेकांत गेली. शाईपेनाचे निबंध निळे डाग झाले. शिसपेन आणि मेणाचे खडू मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहिले. आम्ही घाईने काही कागद उन्हात टाकले. ते वाकडे होऊन करकरीत झाले. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्ये कोरे शोषक कागद घालून वाळविलेले पुष्कळ वाचले. ओले गठ्ठे बुरशी धरण्यापूर्वी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर सवडीने वाळविता येतात, हे फार उशिरा कळले. टाचण्यांचा गंज आरपार गेला होता आणि जेथे जेथे आम्ही प्रेमाने सेलोटेप लावली होती तेथे पिवळे पट्टे उमटले होते.

कचेरीत काही कागद कायमचे, काही तीस वर्षांचे, काही दहा वर्षांचे आणि काही वर्षाअखेर नष्ट करावयाचे, अशी वर्गवारी असते. दिवाळीत मुलगी आली तेव्हा आम्ही उरलेल्या कागदांना तोच नियम लावू पाहिला. शंभरापैकी ब्याण्णव गुण असलेली गणिताची उत्तरपत्रिका आम्ही कायमच्या ढिगात ठेवली. तिने ती न पाहता रद्दीत टाकली. तिने निवडले ते तिसरीतले एक पान: निबंधाचा विषय ‘माझे घर’, दोन ओळींनंतर निबंध सोडून दिलेला, खाली खडूने चार माणसे, आणि त्यांत बाबा सर्वांत लहान, दाराबाहेर. त्या वर्षी आमची बदली भूजला झाली होती.

त्या पानामागे तारीख नव्हती. दोघांनी आठवून ती शिसपेनाने घातली, वय लिहिले, आणि पान पातळ बटरपेपरात ठेवून वेखंडाच्या तुकड्यासह जुन्या लाल रुमालात बांधले. रुमाल माळ्यावर आहे, खरेदीखताच्या शेजारी. वडिलांच्या फिटलेल्या कर्जाच्या पावत्या खाली आणल्या आहेत. त्यांचे काय करावे, ते अद्याप ठरलेले नाही.