संकपाळ ते आंग्रे : एका विरळ आडनावाचा उगम, अर्थ व प्रसार

प्रस्तावना

आडनाव हे कुटुंबाचे ओळखचिन्ह असले, तरी इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तो एक लघुलेखच असतो. गाव, व्यवसाय, हुद्दा, बिरुद, एखादा शारीरिक विशेष किंवा विस्मृतीत गेलेली एखादी घटना यांची नोंद त्यात दडलेली असते. कोकणात अशा नोंदी विपुल आहेत. वेळास येथील भानू घराण्यातील बाळाजी जनार्दन हे फडणिशीच्या हुद्द्यामुळे नाना फडणवीस म्हणून इतिहासात राहिले. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले. वेळणेश्वरच्या गोखल्यांची एक शाखा ‘रास्ते’ या नावाने वाईस नांदली. या सर्व उदाहरणांत मूळ आडनाव मागे पडले आणि नवे नाव पुढे आले.

प्रस्तुत लेखात याच प्रक्रियेतील ‘आंग्रे’ या आडनावाचा विचार केला आहे. हे आडनाव महाराष्ट्रातील बहुतेक सुशिक्षितांना परिचित आहे. मात्र ते धारण करणारी कुटुंबे तुलनेने थोडी आहेत. नाव सर्वपरिचित आणि नामधारक विरळ, ही विसंगती कशी निर्माण झाली, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. आडनावाची विरळता हा वंशाच्या वेगळेपणाचा पुरावा नसून ती स्वतःच एका ऐतिहासिक प्रक्रियेचे फलित असते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

अभ्यासाची साधने

आंग्रे घराण्याविषयी मराठी व इंग्रजीत पुरेसे लेखन झाले आहे. दा. गो. ढबू यांचा ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरेंद्रनाथ सेन यांचे कान्होजींच्या आरंभीच्या कारकिर्दीवरील इंग्रजी लेखन १९४१ मध्ये ग्रंथरूपाने आले. मनोहर माळगावकर यांचे कान्होजींवरील इंग्रजी चरित्र १९५९ चे आहे. या लेखनाचा भर स्वाभाविकपणे आरमार, किल्ले व राजकारण यांवर आहे. घराण्याच्या नावाचा उल्लेख प्रारंभीच्या एक-दोन वाक्यांत येतो आणि कथन पुढे सरकते. त्या एक-दोन वाक्यांकडे परत जाणे आवश्यक वाटते.

आडनावाचा उगम

सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या परंपरेनुसार या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ होय. कान्होजींचे वडील तुकोजी संकपाळ हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि दापोली तालुक्यातील हर्णै येथील सुवर्णदुर्ग किल्ल्याशी त्यांचा संबंध होता. पुणे जिल्ह्यातील आंगरवाडी या लहानशा वस्तीवरून त्यांना ‘आंग्रे’ हे नाव प्राप्त झाले, असे सांगितले जाते. म्हणजे हे नाव घाटावरील वस्तीचे आणि त्याची कीर्ती झाली ती मात्र समुद्रावर.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. संकपाळ हे आडनाव नाहीसे झाले नाही. सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांत ते आजही मोठ्या प्रमाणावर आढळते. संपूर्ण कुळाने नाव बदलले नाही. एका कुटुंबाने बदलले. त्यामुळे ‘आंग्रे’ ही संकपाळ या विस्तृत वृक्षाला फुटलेली एक फांदी ठरते. फांदीची पाने मोजून ती झाडापेक्षा निराळी आहे, असे म्हणता येत नाही.

अर्थ व रूप

‘आंग्रे’ या शब्दाचा ‘अंगार’ या शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह होतो. आग ओकणाऱ्या तोफा आणि समुद्रावरील दरारा यांच्याशी हा अर्थ चांगला जुळतो. तथापि लोकव्युत्पत्तीचे हेच लक्षण असते : ती कीर्तीनंतर जन्माला येते आणि कीर्तीला साजेसा अर्थ शोधते. वस्तुतः येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. आडनाव कशावरून आले हा पहिला प्रश्न असून त्याचे परंपरेने दिलेले उत्तर आंगरवाडी हे आहे. वस्तीला ते नाव कशामुळे मिळाले हा दुसरा प्रश्न असून तो स्थलनामशास्त्राचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी त्यावरून कान्होजींच्या स्वभावाविषयी किंवा पराक्रमाविषयी अनुमान काढता येणार नाही.

रूपाचा प्रश्नही उद्बोधक आहे. कोकणात गावावरून आलेले आडनाव प्रायः ‘कर’ हा प्रत्यय घेते. हर्णेकर, दाभोळकर, केळशीकर, राजापूरकर ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. या नियमानुसार ‘आंगरवाडीकर’ असे रूप अपेक्षित होते. प्रत्यक्षात वस्तीच्या नावातील ‘वाडी’ हे सामान्य पद गळून विशेष पद तेवढे राहिले आणि ते एकारान्त झाले. मोरे, काळे, गोरे यांसारख्या आडनावांत दिसणारे आदरार्थी अनेकवचनाचे वळण येथेही आहे. स्थलवाचक मुळावर घाटावरील मराठा आडनावांचा साचा बसल्यामुळे हे नाव स्थलवाचक असल्याचे आज सहजासहजी ध्यानात येत नाही.

इंग्रजी व पोर्तुगीज लेखनात या नावाचे ‘आंग्रिया’ असे रूप रूढ झाले. इंग्रज लेखक अनेकदा व्यक्तिनाम गाळून केवळ ‘आंग्रिया’ असे लिहीत. परिणामी कान्होजी, संभाजी व तुळाजी या भिन्न व्यक्ती वाचकाच्या मनात एकरूप होत. आडनाव असे व्यक्तीवर मात करते, तेव्हा पिढ्यांचा क्रम पुसट होतो. परकीय साधने वापरताना ही सावधगिरी आवश्यक आहे.

बिरुद विभागले गेले, आडनाव राहिले

सिदोजी गुजर यांच्यानंतर १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचे नेतृत्व कान्होजींकडे आले. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि ‘सरखेल’ हे पद त्यांच्याकडे कायम झाले. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. फडणीस, पेशवे, चिटणीस, देशमुख हे हुद्दे आडनावे झाले. किनारपट्टीवर तांडेल, सारंग, नाखवा हे दर्यावर्दी हुद्देही आडनावे झाले. मग या घराण्याचे आडनाव ‘सरखेल’ असेच का रूढ झाले नाही? घराण्याच्या पुढील इतिहासात याचे संभाव्य उत्तर सापडते. कान्होजींनंतर सेखोजींनी १७३३ पर्यंत कारभार पाहिला. त्यांच्या मृत्यूनंतर संभाजी व मानाजी या बंधूंमध्ये कलह उद्भवला. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी जी विभागणी केली, तीत संभाजींकडे ‘सरखेल’ हे पद व दक्षिणेकडील मुलूख राहिला, तर मानाजींना ‘वजारतमाआब’ हा किताब व कुलाबा मिळाला.

हुद्दा एकाचा झाला, किताब दुसऱ्याचा झाला. दोघांना समान उरले ते केवळ ‘आंग्रे’ हे नाव. बिरुदावर वाद होऊ शकतो, ते काढून घेता येते आणि दुसऱ्यास देता येते. लहानशा वस्तीवरून आलेल्या नावावर मात कोणाचाही हक्क सांगितला जात नाही. त्यामुळेच ते टिकले, असे अनुमान करण्यास जागा आहे.

विरळतेची कारणे

आज रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आंग्र्यांच्या स्मृती ठायी ठायी आढळतात. या परिसरातील त्यांची सत्ता कशी संपली, हे पाहिले असता विरळतेचे एक महत्त्वाचे कारण स्पष्ट होते. संभाजींनंतर दक्षिणेकडील सत्ता तुळाजींकडे आली. पेशव्यांशी त्यांचे वैर वाढत गेले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याच्या नेतृत्वाखालील इंग्रज आरमाराने पेशव्यांच्या सहकार्याने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला करून तेथील आरमार जाळले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य बंदिवासात गेले. याबरोबर दक्षिण शाखेचा आधार नष्ट झाला. ज्या घराण्याचा विस्तार किल्ला, जहाज व नेमणूक यांवर अवलंबून असतो, त्याची मुळे जमिनीत रुजलेल्या वतनदार कुळाइतकी खोल जात नाहीत. किल्ला गेला की आश्रित पांगतात आणि आप्तही स्थलांतर करतात.

उत्तरेकडील शाखा कुलाबा येथे टिकली. शिंदे घराण्याशी नातेसंबंध असलेल्या बाबुराव आंग्रे यांनी १७९९ मध्ये कुलाब्याचा ताबा घेतला. १८४० च्या सुमारास औरस वारस उरला नाही, तेव्हा दत्तकास मान्यता न देता इंग्रजांनी हे संस्थान खालसा केले. डलहौसी हिंदुस्थानात येण्यापूर्वीची ही घटना असल्याने संस्थाने खालसा करण्याच्या धोरणाच्या अभ्यासात ती महत्त्वाची ठरते. आणखी एक शाखा ग्वाल्हेर दरबारी सरदार म्हणून प्रतिष्ठा पावली. अशा रीतीने मूळचे मावळी, उदयाने कोकणी आणि पुढे माळव्यापर्यंत पोहोचलेले हे नाव कोठेही दाट वस्तीचे झाले नाही. एका कुटुंबाने उशिरा धारण केलेले, सत्तेबरोबर पसरलेले आणि सत्तेबरोबर विखुरलेले नाव विरळच राहणार.

गणनेचा प्रश्न

एखाद्या आडनावाचे लोक किती, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. इटलीतील आडनावांचे अभ्यासक चर्चमधील नोंदवह्यांचा आधार घेऊ शकतात. सोळाव्या शतकातील ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर तेथे अशा नोंदी नियमितपणे ठेवल्या गेल्या. आपल्याकडे वसई व गोवा परिसरातील ख्रिस्ती समाज वगळता अशी सलग साधने क्वचितच आहेत. भारतीय जनगणना आडनावनिहाय तक्ते प्रसिद्ध करीत नाही. मतदार याद्या, शाळांची जनरल रजिस्टरे, जमिनीचे सातबारा उतारे व कुलवृत्तांत यांवरच अभ्यासकाला भिस्त ठेवावी लागते.

या साधनांच्याही मर्यादा आहेत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हे २०११ चे प्रमाण पुरुषांच्या स्थलांतराची साक्ष देते. ज्या जिल्ह्यातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आहेत, तेथील मतदार यादीत एखादे आडनाव थोडे आढळले, म्हणून ते तेथे पूर्वीही थोडेच होते, असे म्हणता येत नाही. शिवाय विवाहानंतर स्त्रियांचे आडनाव बदलण्याच्या प्रथेमुळे आडनावांची कोणतीही गणना वंशाच्या केवळ एका बाजूची असते.

आडनावावरून जात निश्चित करण्याची सवय तर अधिकच घातक आहे. जाधव, मोरे, पवार, शिंदे ही आडनावे अनेक जातींत आढळतात. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातीय पाहणीत देशभर ४६ लाखांहून अधिक निरनिराळ्या जातिनामांची नोंद झाली, तर १९३१ च्या जनगणनेत ही संख्या ४,१४७ होती, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले. आडनाव, पोटजात, कुळ व जात यांची सरमिसळ हे या फुगवट्याचे एक प्रमुख कारण होते. आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला असल्याने हा प्रश्न आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. आडनाव म्हणजे जात नव्हे, हे प्रगणकास व उत्तरदात्यास दोघांनाही समजणे आवश्यक आहे.

नावाबाहेरचे लोक

आंग्रे हे नाव आज समुद्राशी कायमचे निगडित झाले आहे. मुंबईतील नौदलाच्या तळास १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर असलेला जलमग्न प्रवाळप्रदेश ‘आंग्रिया बँक’ म्हणून ओळखला जातो. परंतु ज्या गुराबा व गलबते या नावाने ओळखली गेली, ती चालविणारे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी व मुसलमान खलाशी होते. त्यांपैकी बहुसंख्यांची नावे चरित्रग्रंथांत आलेली नाहीत. त्यांच्या वंशजांच्या तांडेल, सारंग, नाखवा यांसारख्या आडनावांतच त्या आरमारी परंपरेचा माग लागतो. सेनापतीच्या आडनावाचा इतिहास लिहिताना खलाशांच्या आडनावांकडे दुर्लक्ष झाले, तर तो इतिहास अर्धाच राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, ‘आंग्रे’ हे परंपरेनुसार स्थलवाचक आडनाव असून ‘अंगार’ या शब्दाशी जोडलेला त्याचा थेट संबंध लोकव्युत्पत्तीच्या स्वरूपाचा आहे. दुसरा, त्याची विरळता वेगळ्या वंशामुळे आलेली नाही. संकपाळ कुळातील एका कुटुंबाने धारण केलेले नाव, १७५६ मधील दक्षिण शाखेचा पाडाव आणि उर्वरित शाखांचे विखुरणे यांतून ती निर्माण झाली. तिसरा, बिरुदाची वाटणी झाली तरी आडनाव सामाईक राहिले, हे आडनावाच्या चिवटपणाचे गमक आहे. चौथा, आडनाव हा इतिहासाचा पुरावा असला तरी तो एकट्याने वंश किंवा जात सिद्ध करण्यास पुरेसा नाही.

कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या तालुक्यातील शाळांच्या जुन्या रजिस्टरांच्या आधारे आडनावांचे सर्वेक्षण हाती घेतल्यास या अभ्यासास भक्कम पाया लाभेल. ही रजिस्टरे जीर्ण होत आहेत. त्यांचे जतन ही अशा कोणत्याही संशोधनाची पहिली गरज आहे.